परळच्या वाटेवरची जोडपी

आमच्या सातारा जिल्ह्यात ‘त्यांना टाटाला दाखवले’ एवढे म्हटले, की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. आजाराचे नाव घ्यावे लागत नाही. मुंबईतील एका रुग्णालयाचे नावच आजाराचे नाव होऊन बसले आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी या भागात वैद्यकीय व्यवसाय करतो. माझी चिठ्ठी घेऊन किती जण परळला गेले, हे मी मोजलेले नाही. पण वर्षातून दोन-तीनदा कोणा ना कोणा रुग्णासोबत मीही रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघतो आणि सकाळी दादरला उतरतो. त्या फेऱ्यांतून दिसलेले परळ आज तुम्हांला दाखवावे, असा विचार आहे.

केसपेपर कोठे निघतो, रांग कोठून सुरू होते, जेवणाची सोय कोठे होते, हे सांगणारे तुम्हांला गावोगाव भेटतील. मी तेथील जोडपी दाखवणार आहे. कर्करोगात शरीराचे काय होते याची चर्चा पुष्कळ होते. नवरा-बायकोच्या जवळिकीचे, त्यांच्या एकत्र निजण्याबसण्याचे आणि शरीरसंबंधाचे काय होते, हे मात्र रुग्ण विचारत नाहीत आणि बहुतेक डॉक्टर आपणहून सांगत नाहीत. जोडपे साठी-सत्तरीचे असेल, तर हा प्रश्न त्यांना पडतच नाही असे सारे घर गृहीत धरते. पडतो, मी दवाखान्यात रोज बसतो म्हणून सांगतो. फक्त तो रुग्ण दारापर्यंत गेल्यावर, चपला पायांत सरकवताना, खाली मान घालून विचारला जातो.

दादरहून धीम्या लोकलने एकच स्थानक पुढे गेले की परळ. पूर्वेला उतरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्ता ओलांडला आणि आचार्य दोंदे मार्गाला लागले, की सारा परिसर रुग्णालयांचाच. येथे केईएम आहे, मुलांचे वाडिया रुग्णालय आहे, झाडांच्या आड हाफकिन संस्था आहे. हाफकिनची जुनी वास्तू एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर असताना त्यांच्या पत्नीचा तेथे पटकीने अंत झाला आणि पुढे गव्हर्नरांनी आपला मुक्काम मलबार हिलला हलवला. त्याच वास्तूत १८९९ साली प्लेगवरच्या लसीची प्रयोगशाळा आली. तेथून जवळच, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या नामवंत शल्यविशारदांचे नाव दिलेल्या रस्त्यावर, टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे.

या रुग्णालयाच्या मुळाशीही एक जोडपेच आहे. सर दोराबजी टाटा आणि लेडी मेहेरबाई यांचा विवाह १८९८ सालचा. दोराबजी पत्नीपेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. त्यांना मूलबाळ नव्हते. मेहेरबाई टेनिस उत्तम खेळत, स्त्रियांच्या प्रश्नांवर जाहीरपणे बोलत आणि पतीबरोबर देशोदेशी प्रवास करीत. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ साली वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजींनी आपली जवळजवळ सारी मालमत्ता विश्वस्त निधीला देऊन टाकली, रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावे वेगळा निधी उभारला आणि ते युरोपला निघाले. पत्नीच्या समाधीचे दर्शन घ्यावे, हा त्या प्रवासाचा एक हेतू होता. वाटेत जर्मनीत ३ जून १९३२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत दोघे शेजारी शेजारी विसावले आहेत. त्यांच्या पश्चात त्यांच्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय सुरू झाले. तेव्हा त्यात ८० खाटा होत्या. १९६२ पासून त्याचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे.

मेहेरबाईंच्या आजारपणात त्या दोघांचे आपसात काय बोलणे होत असेल, याची नोंद मला कोठे आढळलेली नाही. ती असण्याचे कारणही नाही. आज त्या इमारतीच्या पायरीशी बसलेल्या जोडप्यांचेही तसेच आहे. त्यांच्या फायलींत सारे असते. गाठ किती सेंटिमीटरची, रक्तातल्या पेशी किती, औषध किती मिलिग्रॅम. पण गेल्या आठ महिन्यांत या दोघांनी एकमेकांचा हात हातात घेतला की नाही, याला त्या फायलीत रकाना नाही.

बाह्यरुग्ण विभागाच्या प्रतीक्षागृहात अर्धा तास शांत बसून पाहा. बहुधा फाइल एकाच्या मांडीवर असते आणि डबा व पाण्याची बाटली दुसऱ्याच्या. बाई रुग्ण असेल तर फाइल नवऱ्याकडे. तो कागद लावतो, नंबर आला का हे दर पाच मिनिटांनी उठून पाहतो. पुरुष रुग्ण असेल तर फाइल बहुधा मुलाकडे वा भाच्याकडे जाते आणि बायको जरा मागे, पिशव्यांजवळ बसते. डॉक्टरांशी मुलगा बोलतो. आईच्या वाट्याला पथ्य येते. चाळीस वर्षे ज्याच्याशी संसार केला, त्याच्या आजाराची हकीकत तिला मुलाच्या तोंडून, गाळलेल्या स्वरूपात कळते. शुश्रूषा करणाऱ्या मुलांना आणि सुनांना माझी विनंती आहे की, आत जाताना आईला बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांसमोरची खुर्ची तिला द्या.

त्याच प्रतीक्षागृहात ऐकू येणारे काही समज सुरुवातीलाच दूर केलेले बरे. कर्करोग संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट, पेला, टॉवेल वेगळा करण्याचे त्या कारणासाठी काहीही प्रयोजन नाही. त्याच्या अंगाला अंग लागल्याने, चुंबनाने वा संबंधाने कर्करोग जोडीदाराला लागत नाही. आपल्याकडे रेडिएशनला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. यंत्राने बाहेरून दिलेला शेक अंगात साठून राहत नाही. तो घेऊन आलेल्या आजोबांजवळ आजी बसली, निजली, तरी तिला काही होत नाही. नातवंडालाही जवळ घेता येते. थायरॉइडच्या कर्करोगात पोटातून किरणोत्सारी आयोडीन देतात, तेव्हा मात्र काही दिवस अंतर राखावे लागते आणि ते किती दिवस, हे रुग्णालय सांगते. केमोथेरपीच्या औषधांचा अंश डोस झाल्यावर काही दिवस शरीरातील स्रावांत उतरतो, म्हणून त्या दिवसांत संबंध आल्यास कंडोम वापरावा. दिवसांचा आकडा तुमच्या औषधाप्रमाणे विचारून घ्यावा. पांढऱ्या पेशी वा प्लेटलेट फार उतरल्या असतील, तर त्या वर येईपर्यंत संबंध टाळावा, कारण जंतुसंसर्गाची आणि रक्तस्रावाची भीती असते. टाळायचा तो संबंध. शेजारी निजणे, डोक्यावरून हात फिरवणे, पाय चेपणे यांना एरवी कोणत्याही आकड्याची आडकाठी नाही.

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर पदपथावर तुम्हांला दुसरेच जग दिसेल. झारखंडपासून कोकणापर्यंतची कुटुंबे तेथे चटया अंथरून बसलेली असतात. औषधांची दुकाने, झेरॉक्स, चहा, केळीवाला, आणि याच परिसरात केसांचे टोप, रुमाल, पट्टे, कृत्रिम स्तन अशा वस्तूही मिळतात. एका दुकानात मी आमच्या भागातील एका बाईंसोबत गेलो होतो. वय बासष्ट, डावा स्तन काढलेला. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन हातात घेऊन त्यांनी त्याचे वजन भाजीवालीच्या तराजूसारखे दोन्ही हातांत तोलून पाहिले आणि हसल्या. यजमान दुकानाबाहेर, पाठ करून उभे होते. “त्यांना आत बोलवा ना,” असे मी म्हणताच बाईंचा चेहरा उतरला. “नको. त्यांनी अजून बघितलेलं नाही.” शस्त्रक्रियेला सात महिने झाले होते. त्या रोज कडी लावून कपडे बदलत होत्या.

ही एका घरची गोष्ट नाही. स्तन काढल्यावर अनेक स्त्रिया ती जागा नवऱ्यापासून लपवतात, आणि नवरा ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून बघण्याचा विषय काढत नाही. दिवस जातात तशी ती जागा दोघांच्या मनात अधिकाधिक भेसूर होते. वस्तुतः भरलेला व्रण बहुधा एक आडवी वा तिरकी रेघ असते. पहिल्यांदा पाहताना डोळे भरतात, हे खरे, पण पाहिल्यावर कल्पनेतले चित्र जाते. माझा अनुभव असा की, पहिली वेळ भर उजेडात आणि घाईत नसावी. एखाद्या संध्याकाळी, दार लावून, ड्रेसिंगच्या वा तेल लावण्याच्या निमित्ताने ती यावी. नवऱ्याने ‘काही वेगळं दिसत नाही’ असे खोटे बोलू नये, वेगळे दिसतेच. ‘दुखतं का? कुठे हात लावू?’ एवढे विचारले तरी पुरते. व्रणाभोवतीची त्वचा बधिर असू शकते, बगलेतील गाठी काढल्या असतील तर हात जड होऊन सुजतो, त्या हातावर भार पडू नये म्हणून खाली उशी घ्यावी. रक्तदाबाची पट्टी त्या बाजूला शक्यतो बांधू नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

त्यानंतर दिल्या जाणाऱ्या संप्रेरकविरोधी गोळ्यांनी योनिमार्ग कोरडा पडतो, संबंध दुखतात, इच्छा कमी होते. या तक्रारीला उपाय आहेत. औषधांच्या दुकानात पाण्याचा अंश असलेली वंगण जेली मिळते. ती मागताना लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून घ्या. इस्ट्रोजेनचे मलम मात्र मनाने आणू नका; स्तनाच्या कर्करोगात ते चालेल की नाही, हे तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवायचे असते. खोबरेल तेल काही जणी वापरतात. ते चालते, पण कंडोम असेल तर नको. तेलाने रबर फाटते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण परळला आपल्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या स्त्रियांत तो पुष्कळ दिसतो आणि त्याच्याभोवतीचे मौनही सर्वांत दाट असते. हा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे कोणीतरी अर्धवट सांगते. मग घरात संशयाचे भूत शिरते. ‘कुणामुळे?’ हा प्रश्न सत्तरीच्या उंबरठ्यावर विचारला जातो. लक्षात घ्या, हा विषाणू अतिशय सामान्य आहे. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांच्या शरीरात तो केव्हातरी येऊन जातो, आणि एखादीच्या शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो. तो केव्हा आणि कोणाकडून आला, हे आज कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निकाल लावता येत नाही.

आमच्या तालुक्यातील एका जोडप्याची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. यजमान एसटीतून निवृत्त झालेले. बाईंनी शेक पूर्ण केला, आतून द्यायचे रेडिएशनही झाले, गाठ गेली. दोन वर्षे तपासण्या चांगल्या येत होत्या. तिसऱ्या वर्षी बाई माझ्याकडे झोप येत नाही म्हणून आल्या. वजन उतरलेले, पण रक्त, सोनोग्राफी सारे ठीक. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्यावर म्हणाल्या, “हे पडवीत झोपतात. आजार झाला तेव्हापासून. मला काही वास येतो का हो, डॉक्टर?”

यजमानांना मी तपासणीच्या निमित्ताने परळच्या पुढच्या फेरीत गाठले. बाई आत सोनोग्राफीला गेल्या होत्या आणि आम्ही दोघे बाहेर चहा घेत होतो. मी सरळच विचारले. ते कितीतरी वेळ ग्लासातल्या चहाकडे पाहत राहिले. “आतून जळालेलं आहे तिचं सगळं. मी माणूस आहे, जवळ असलो तर हात जाईल. तिला इजा नको म्हणून लांब झोपतो.” अडीच वर्षे हा माणूस थंडीवाऱ्याचा पडवीत निजत होता, तो तिच्या काळजीपोटी, आणि भिंतीपलीकडे ती स्वतःच्या अंगाचा वास घेत होती.

त्यांना मी जे सांगितले तेच तुम्हांला सांगतो. या उपचारानंतर योनिमार्ग आखडतो, आतील थर नाजूक आणि कोरडा होतो. तो आतल्या आत चिकटू नये म्हणून उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी डायलेटर नावाची गुळगुळीत नळकांडी जेली लावून, आठवड्यातून दोन-तीनदा, काही मिनिटे आत ठेवायला शिकवतात. हे केवळ संबंधासाठी नसते. पुढच्या तपासण्यांत डॉक्टरांना आत नीट पाहता यावे, यासाठीही ते आवश्यक असते, म्हणून पती हयात नसलेल्या बाईंनीही ते विचारून करावे. तज्ज्ञांनी तपासून परवानगी दिल्यावर संबंध ठेवता येतो. त्याने रोग उलटत नाही, नवऱ्याला लागत नाही, नवऱ्याच्या अंगात कसलाही ‘करंट’ उतरत नाही. पहिल्या काही वेळा किंचित रक्त दिसू शकते. ते वाढले वा टिकले तर दाखवावे. आणि हे सारे करायचेच नसेल, दोघांनाही आता त्याची गरज वाटत नसेल, तर तेही पूर्णपणे ठीक आहे. मात्र ते दोघांनी बोलून ठरवावे. पडवी आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीला ठरवू देऊ नये.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. शरीरसंबंधाचे मी विचारले नाही. बाईंची झोपेची गोळी सुटली आणि पडवीतली बाज नातवाला अभ्यासाला मिळाली, एवढे मला ठाऊक आहे.

पुरुषांच्या दुखण्यात प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग उतारवयात अधिक. त्यात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक औषधाने जवळजवळ बंद करतात. मग इच्छा जाते, ताठरता जाते, अंगात अचानक गरम वाफा येतात, रडू येते. ‘हे आता माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत’ असे पत्नीला वाटते. त्यांना घरात कोणीतरी हे समजावून द्यावे की, हा इंजेक्शनचा परिणाम आहे, मनाचा नाही. शस्त्रक्रियेनंतर नसा सावरायला वर्ष-दीड वर्षही लागते आणि काही वेळा त्या पूर्ण सावरत नाहीत. ताठरतेसाठी गोळ्या आहेत, इतर साधनेही आहेत. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्यांच्या खिशात असते, त्यांनी ताठरतेची गोळी कदापि घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा कोसळतो. मित्राच्या सांगण्यावरून वा जाहिरात पाहून ती आणणाऱ्या आजोबांना मी नेहमी आधी हृदयाचे विचारतो.

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर शौचाची पिशवी येते. परळच्या रुग्णालयात तिच्यासाठी स्वतंत्र स्टोमा क्लिनिक आहे, तेथील परिचारिका पिशवी लावायला शिकवतात. तिचे शिक्षण जोडीदारानेही एकदा घ्यावे, आणि जवळ येण्याआधी पिशवी रिकामी करून तिच्यावर सुती कापडाचे आवरण घालावे, एवढे सांगून पुढे जातो.

तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाविषयी मात्र थांबायला हवे. जबड्याचा भाग गेलेला, गालावर मांडीची वा छातीची त्वचा लावलेली, लाळ गळते, तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, असे पुरुष तुम्हांला त्या पदपथावर पावलोपावली दिसतील. त्यांची पहिली ताटातूट अंथरुणावर होत नाही, जेवणाच्या पाटावर होते. तो घरच्यांकडे पाठ करून, कोपऱ्यात, मिक्सरमधून काढलेले पातळ जेवण जेवू लागतो. ‘तुम्ही जेवून घ्या, मी नंतर’ हे वाक्य रोजचे होते. हळूहळू बायकोही नंतरच, एकटी, ओट्यापाशी उभ्याने उरकते. आपल्याकडे किती जोडप्यांचे प्रेम एका ताटातल्या घासावर चाललेले असते, हे कोणी मोजत नाही! म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम नेमाने करा, टॉवेल मांडीवर ठेवा, आणि दिवसातले एक जेवण दोघांनी समोरासमोर घ्या. त्याचे सूप आणि तिची भाकरी एकाच पाटावर चालतात.

परळला उपचारासाठी महिनोन् महिने राहणाऱ्या कित्येक कुटुंबांचा पत्ता म्हणजे दादर पूर्वेची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. माणुसकीने चालणारी अशी ठिकाणे नसती, तर निम्मे रुग्ण उपचार अर्धवट टाकून गावी परतले असते. पण जेथे अनेक कुटुंबे शेजारी शेजारी राहतात, तेथे एकांत कोठून येणार? दोघांच्या वळकट्यांमध्ये एक ट्रंक, शेजारी परक्याचे पोर खोकत असते. तरीही पाहणाऱ्याला दिसते: पहाटे नळावर तो तिच्या नव्याने उगवणाऱ्या केसांवरून पाणी ओततो, ती त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळताना हात क्षणभर तेथेच ठेवते.

मला खंत वाटते ती गावी परतल्यानंतरची. तेथे जागा असते, पण आईबाबांची खोली राहत नाही. रुग्णाला हॉलमध्ये खाट, कारण तेथे टीव्ही आहे, लक्ष राहते. रात्री सोबतीला मुलगी वा सून, कारण वडिलांना ऐकू कमी येते. काही घरांत तर आई एका मुलाकडे आणि वडील दुसऱ्याकडे, सोयीची वाटणी. हेतू चांगलाच असतो. परंतु मुलांनो, आईबाबांच्या खोलीला दार असू द्या, ते दिवसातून थोडा वेळ आतून लावलेले असू द्या, आणि आत जाण्यापूर्वी टकटक करा. सोबतीचा प्रश्न असेल तर उशाशी घंटा ठेवा. जखम धुणे, पिशवी बदलणे अशी कामे सारीच जोडीदारावर टाकू नका. एखादी वेळ परिचारिका वा मुलगा करील, म्हणजे त्या वेळी तरी ती बायको राहील, नर्स होणार नाही. शुश्रूषा करणारा जोडीदारही थकतो, चिडतो, त्याचीही झोप आणि रक्तदाब पाहिला पाहिजे.

धर्मशाळेपासून थोडे चालले की पारशी कॉलनीच्या परिसरातील पाच बागा लागतात. मुंबईकर त्यांना फाइव्ह गार्डन्स म्हणतात. मोठाली झाडे, बाके, संध्याकाळी क्रिकेट खेळणारी मुले. उपचार चालू असताना ताकद असेल त्या दिवशी जोडीदाराला घेऊन तेथे जा, असे मी रुग्णांना सांगतो. थकवा सर्वांत कमी असतो ती वेळ निवडा. कोणाची ती सकाळ असते, कोणाची दुपारची झोप झाल्यावर. वेदनेची गोळी चालू असेल तर निघण्याआधी तासभर घ्या. बाकावर फायलीविषयी बोलू नका. एरवी घरात हात धरायला संकोचणारी आपली माणसे त्या अनोळखी गर्दीत बिनधास्त हात धरून बसलेली मी पाहिली आहेत. तेथे त्यांना ओळखणारे कोणी नसते, हा मुंबईचा मोठाच उपकार आहे.

ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्यांना स्पर्शाची गरज सर्वांत अधिक असते. तेव्हा दोघांच्या खाटा एकमेकींना जोडा. रुग्णालयाची खाट भाड्याने आणली असेल, तर दुसरी तिच्या उंचीला येईल अशी व्यवस्था करा. मॉर्फिनने रुग्ण गुंगीत असला तरी हातावरचा हात त्याला कळत असावा, असे मला अनेकदा वाटले आहे.

परळला निघणाऱ्या जोडप्याला हल्ली मी संदर्भपत्रासोबत एक वेगळी चिठ्ठी देतो. तिच्यावर प्रश्न असतात: ‘या उपचाराने आमच्या शरीरसंबंधावर काय परिणाम होईल? किती दिवस थांबायचे? त्रास झाला तर कोणाला भेटायचे?’ तोंडाने विचारवत नसेल तर ही चिठ्ठी डॉक्टरांपुढे, परिचारिकेपुढे वा वैद्यकीय समाजसेवकांपुढे ठेवायची. मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभागही असतो, तेथे दोघांना मिळून भेटता येते. मागच्या महिन्यात एका एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थांना ती दिली. त्यांनी चष्मा वर करून वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली. मला वाटले, परत देणार. “डॉक्टर, अक्षर जरा मोठं काढा,” ते म्हणाले, “तिचा चष्मा घरी राहिलाय, आणि गाडीत हे तिलाच वाचायचं आहे.”